शिट्टी हाती घेणाऱ्यांस

'पंचांमुखी परमेश्वर' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चावडीवरच्या पंचांपासून ती निघाली आणि क्रीडांगणावरच्या पंचापर्यंत येऊन पोचली. परंतु क्रीडांगणावर या परमेश्वराची अवस्था काय असते, हे ज्याने जत्रेतला कबड्डीचा सामना पाहिला आहे त्याला वेगळे सांगावयास नको. नाणेफेक होईपर्यंत तो 'पंचसाहेब' असतो. पहिला वादाचा गुण गेला की तो 'ए पंच' होतो. दुसरा गेला की 'आंधळा' ठरतो, आणि तिसऱ्यानंतर त्याच्या घराण्याचा उद्धार सुरू होतो. परमेश्वर आणि आंधळा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी एक माणूस उभा असतो. गळ्यात शिट्टी अडकवलेला, पायात मातीने माखलेले कॅनव्हासचे बूट घातलेला, आणि बहुधा दुपारपासून चहाशिवाय काही न घेतलेला. या माणसाविषयी आणि या माणसासाठी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

मी तृतीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी. कबड्डी लहानपणापासून खेळत आलो. गुडघ्याने साथ सोडल्यावर मैदान सोडवेना, म्हणून पंच परीक्षा दिली आणि गेले तीन हंगाम गावोगावच्या स्पर्धांत उभा राहत आहे. मी काही थोर पंच नव्हे. परंतु यंदा आपल्या महाविद्यालयातील प्रथम व द्वितीय वर्षाचे काही मित्र आणि दोन भगिनी पंच होऊ इच्छितात. 'नियमांचे पुस्तक वाचले, आता पुढे काय?' असे त्यांनी मला विचारले. पुस्तकात नियम आहेत. मैदानावर कसे उभे राहावे हे मात्र पुस्तकात फारसे सापडत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा विषय आपल्या जिल्ह्यात लिहिण्याला आणखी एक कारण आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्याच नगर शहरात, म्हणजे आता सरकारदरबारी अहिल्यानगर म्हणतात त्या आपल्या गावात, वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अंतिम दंगल झाली. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीतपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपली पाठ टेकलीच नव्हती असे राक्षेचे म्हणणे. वाद वाढला, आणि दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या त्या मल्लाने पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर रागावून लढत पुरी होण्याआधीच मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केल्याचे जाहीर झाले. हे सारे हजारो प्रेक्षकांनी डोळ्यांनी आणि लाखोंनी मोबाइलवर पाहिले.

पाठ टेकली की नाही, याचा निवाडा मी येथे बसून करणार नाही. माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. त्यानंतर कित्येक दिवस नगरच्या चहाच्या टपऱ्यांवर जी चर्चा चालली होती, तिच्यात दोनच पक्ष होते. एक म्हणे, 'पंचाने चूक केली, मग लाथ बसली तर बिघडले काय?' दुसरा म्हणे, 'पंच म्हणजे पंच, त्याचे चुकूच शकत नाही.' मला दोन्ही पक्ष सारखेच घातक वाटतात. पहिल्याने पंचाचा जीव धोक्यात येतो आणि दुसऱ्याने पंचाची बुद्धी. पंच चुकू शकतो, कारण तो माणूस आहे. आणि तो माणूस आहे म्हणूनच त्याच्यावर हात उगारता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ज्याच्या मनात पक्क्या बसल्या, त्यानेच शिट्टी हाती घ्यावी. खाली जे सांगणार आहे ते सारे या एकाच मुद्द्यातून निघते.

पंच माणूस आहे, म्हणजे त्याला दोनच डोळे आहेत आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी पाहू शकतात. तेव्हा पहिली गोष्ट अशी, की सामना शिट्टीने सुरू होत नाही, तो एक तास आधी सुरू होतो. मैदानावर जाताच खिशातून टेप काढावा. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, महिलांचे १२ बाय ८. मध्यरेषेपासून निदान रेषा पुरुषांसाठी पावणेचार मीटरवर, आणि तिच्यापुढे एका मीटरवर बोनस रेषा. गावी मैदान बहुधा पावलांनी मोजून आखलेले असते, आणि पावले टाकणारा उंच असला की निदान रेषा लांब जाते. मग सगळा सामनाभर चढाई करणारे पोरगे रेषेला पोचत नाही आणि गाव म्हणते, पंच खाऊ झाला! ती भांडणे टेपने पाच मिनिटांत मिटतात. फक्कीच्या रेषा दहा चढायांत पुसल्या जातात. मध्यंतराच्या पाच मिनिटांत त्या पुन्हा मारून घ्याव्यात, आणि हे संयोजकांना आधीच सांगून ठेवावे. पुसलेल्या रेषेवर कोणी पाय दिला की नाही, हे प्रत्यक्ष परमेश्वरालाही सांगता येणार नाही.

खेळाडूंची नखे पाहावीत. नियमाने नखे बारीक कापलेली हवीत आणि अंगाला तेल लावलेले चालत नाही. पुष्कळ नवे पंच येथे संकोचतात. आपल्याहून वयाने मोठ्या, मिशा असलेल्या गड्याला 'दादा, हात दाखवा' म्हणणे जड जाते. पण या दोन मिनिटांचा एक गुप्त फायदा आहे. चौदा जणांचे हात तुम्ही हातात घेऊन पाहिलेत की ते चौदा जण तुम्हाला ओळखू लागतात, आणि तुम्ही नियम पाळणारे व पाळायला लावणारे आहात हे त्यांना न बोलता कळते. मैदानावरचा अधिकार आवाज चढवून मिळत नाही, तो असा नखे तपासताना मिळत असतो.

मग दोन्ही कर्णधारांना बोलावून कोणत्या नियमाने खेळणार ते स्पष्ट करावे. ही गोष्ट वरवर लहान दिसते, पण तिच्यापायी काय होऊ शकते याचे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझो येथे आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुष कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार त्या भारतीय संघात होता. गुण २८-२८, शेवटची काही क्षणे उरलेली. पवन सेहरावत चढाईला गेला, कोणालाही स्पर्श न होता राखीव क्षेत्रात उतरला, आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही तेथे उतरले. एका नियमाप्रमाणे स्पर्शाशिवाय राखीव क्षेत्रात गेलेले सारेच बाद. दुसऱ्या, नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा बाद. येथे नियम कोणता? निर्णय एकदा असा, एकदा तसा झाला. खेळाडू गादीवरच बसून राहिले. सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर कौल भारताच्या बाजूने लागला आणि भारताने ३३-२९ असा सामना जिंकला. आपण जिंकलो म्हणून आनंद झालाच. पण पंच म्हणून विचार केला तर तो तास फार लाजिरवाणा होता. आशियातले निवडक पंच, कॅमेरे, तज्ज्ञ, सारे जवळ असताना एक साधा प्रश्न अनुत्तरित राहिला होता, आणि तो सामन्याआधी विचारण्याचा प्रश्न होता.

आपल्या गावात तर हा प्रश्न रोजचा. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून प्रत्येक पोराच्या तोंडी 'टीव्हीवर असं देतात' हे वाक्य असते. त्यात गावाचे म्हणून आणखी दोन-तीन नियम असतात, ते कोणत्या पुस्तकात नाहीत आणि कोणी मोडूही देत नाही. तिसरी चढाई निर्णायक धरायची की नाही, अव्वल पकडीचा जादा गुण द्यायचा की नाही, राखीव क्षेत्राचे काय, हे तिन्ही प्रश्न नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांसमोर सोडवावेत आणि गुणलेखकाच्या कागदावर लिहून त्यांच्या सह्या घ्याव्यात. सही केलेला माणूस फारसे भांडत नाही.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ. नव्या पंचाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे त्याच्यातला प्रेक्षक. चढाईपटू सुंदर उडी मारतो आणि आपण त्याच्या उडीकडे पाहत राहतो; त्या वेळी त्याचा मागचा पाय कोठे होता, हे पाहावयाचे राहून जाते. अमेरिकेत फुटबॉल या नावाने एक दांडगा खेळ खेळतात. त्यात चेंडू पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. तेथील मोठ्या व्यावसायिक सामन्यांत सात पंच मैदानात असतात. प्रत्येकाला आपापला इलाखा नेमून दिलेला असतो, आणि बहुतेकांना शिकवण अशी, की चेंडूकडे पाहू नका, तुमच्या वाट्याच्या खेळाडूकडे पाहा. चेंडूकडे पाहायला हजारो प्रेक्षक बसलेलेच आहेत! कोणी नियम मोडला तर ज्याच्या इलाख्यात मोडला तो पिवळे फडके जमिनीवर टाकतो, आणि मग निर्णय होतो. तो खेळ आपल्याला कळो न कळो, ही शिकवण मात्र आपली मानावी.

कबड्डीत एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक असतात. पंचांनी बाजूच्या रेषांवर, समोरासमोर उभे राहावयाचे. चढाई तुमच्या बाजूला आली तर तुमची नजर पायांवर आणि रेषेवर हवी. समोरच्या पंचाची नजर स्पर्शावर. बोनससाठी चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे टेकला, त्या वेळी दुसरा पाय हवेत होता का, हे फक्त बाजूने दिसते, मागून दिसत नाही. म्हणून चढाईबरोबर रेषेवरून सरकत राहावे. एका जागी खांबासारखा उभा राहणारा पंच अर्धा सामना अंदाजाने देत असतो. आणि बोनस मोजण्यापूर्वी बचावात किमान सहा जण होते ना, हे चढाई सुरू होतानाच मोजून ठेवावे. नंतर मोजू लागलात की गर्दी तुमच्या आधी मोजून मोकळी होते.

दम ऐकणे हेही डोळ्यांइतकेच महत्त्वाचे. 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार स्पष्ट आणि सलग हवा. परंतु गावच्या मैदानावर कर्ण्यावरून समालोचन चालू असते, मधूनमधून देणगीदारांची नावे, मध्येच हरवलेल्या मुलाची चौकशी. त्या गोंधळात दम सुटला की नाही हे कोणाला ऐकू येणार? निवेदकाला आधीच विनंती करावी, की चढाई चालू असताना आवाज बारीक ठेवा. ऐकले तर उत्तम. न ऐकले तर चढाईपटूच्या ओठांकडे आणि छातीकडे पाहावयास शिकावे. दम सुटलेला माणूस खांद्यावरून कळतो.

जे पाहिले तेच द्यावे, जे झाले असावे असे वाटले ते देऊ नये. माझ्या मते ही पंचगिरीतली सर्वांत अवघड शिस्त आहे. दोन खेळाडू एकमेकांवर आदळले, धूळ उडाली, सारे गाव ओरडले, 'लागला! लागला!' तुम्ही स्पर्श पाहिला का? नाही. मग तुमच्यापुरता स्पर्श झालेला नाही. समोरच्या पंचाने पाहिला असेल, तर त्याच्याकडे नजर टाका, जवळ जा, एक वाक्य बोला, मग हात वर करा. सल्ला घेणे हा कमीपणा नव्हे. कुस्तीतही मातीबाहेर गादीवर तीन पंचांची योजना असते, एक गादीवर, एक बाजूला आणि एक मुख्य. चीतपटीसारखा अंतिम निर्णय एकट्याच्या डोळ्यावर सोडू नये हाच तिच्यामागचा हेतू. कबड्डीत दोन्ही पंचांचे जमले नाही तर सरपंच निर्णय देतो. ही पायरी नियमानेच दिलेली आहे. ती गाळून घाईने हात उंचावणे म्हणजे शौर्य नव्हे. दोन सेकंद उशिरा दिलेला निर्णय कोणाच्या लक्षात राहत नाही. दोनदा बदललेला निर्णय मात्र पुढच्या जत्रेपर्यंत चघळला जातो.

निर्णय दिला की तो खुणेने, मोठ्या शिट्टीने आणि बोटांनी स्पष्ट द्यावा. कर्णधाराने विचारले तर एका वाक्यात सांगावे, 'मागचा पाय टेकलेला होता.' एवढेच. 'मी काय आंधळा आहे का?' असे पंचाने विचारू नये. या प्रश्नाला उत्तर द्यायला मैदानावर फार माणसे उत्सुक असतात. दुसरे वाक्य म्हणजे वाद आणि तिसरे म्हणजे भांडण, हे गणित पाठ करावे. शब्द संपले की कार्ड आहेच. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. कार्ड काढताना चेहऱ्यावर राग नको आणि हसूही नको.

या साऱ्याहून मोठा मोह आहे तो भरपाईचा. नव्यांना तो ओळखूही येत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम सांगतो. एका संघाच्या विरुद्ध कठीण निर्णय गेला, गर्दी खवळली, आणि आपल्यालाही मनात शंका आली, की मग पुढचा अर्धवट गुण त्या संघाला देऊन टाकावासा वाटतो. 'फिटंफाट झाली' असे मन सांगते. मित्रहो, यासारखी फसवणूक नाही. पहिल्या वेळी तुम्हाला दिसले नव्हते, तो डोळ्यांचा दोष असेल. दुसऱ्या वेळी दिसत असून तुम्ही वेगळे दिले, तो नियतीचा नव्हे, नीतीचा दोष आहे. आणि खेळाडू मूर्ख नसतात. भरपाई मिळते असे एकदा कळले की प्रत्येक निर्णयावर आरडाओरड करणे हाच त्यांचा डाव होतो. गर्दी पाहून गुण देणारा पंच गर्दीच तयार करीत असतो.

आता नात्यागोत्याची गोष्ट. आपल्या तालुक्यात कोणाचा मामा, कोणाचा मावसभाऊ खेळत नाही असा सामना सापडणे कठीण. प्रेमचंदांच्या 'पंच परमेश्वर' या कथेत अलगू पंचाच्या जागी बसतो आणि आपल्या जिवलग मित्राच्या, जुम्मनच्या, विरुद्ध निकाल देतो. पुढे दुखावलेला जुम्मन स्वतः पंच होतो, तेव्हा वैर विसरून अलगूच्या बाजूने न्याय करतो. कथा थोरच आहे. पण माझे म्हणणे असे, की प्रत्येक पंचाकडून जुम्मनएवढ्या मोठ्या मनाची अपेक्षा ठेवून स्पर्धा भरवणे हा संयोजनाचा गलथानपणा आहे. मोठ्या मनाची परीक्षा रोज घेऊ नये. क्रिकेटने हे ओळखले. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटीत दोन्ही पंच भारतीय होते, आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. पाकिस्तानच्या भूमीवर भारतीय पंच! घरच्या पंचांवरून होणारे वाद टाळण्यासाठी केलेला तो प्रयोग पुढे रुजला. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक त्रयस्थ पंच आणि २००२ पासून दोन्ही त्रयस्थ असा नियम आला. लाहोरला मुंबईचा पंच चालतो, तर पारनेरच्या सामन्याला नेवाशाचा आणि नेवाशाच्या सामन्याला अकोल्याचा पंच का चालू नये? नव्या पंचाने एवढा निश्चय करावा, की आपल्या गावाचा संघ खेळत असेल त्या सामन्यात उभे राहावयाचे नाही. संयोजक म्हणतील, 'आपल्याच घरचं कार्य आहे.' तरीही नाही म्हणावे. घरच्या कार्यात पंगत वाढावी, निवाडा करू नये.

मोबाइल हे अलीकडचे संकट. निर्णय दिला की पाच मिनिटांत कोणीतरी पडदा डोळ्यांसमोर धरतो, 'सर, हे पाहा, पाय हवेत आहे.' वाहिनीवरच्या सामन्यात चित्रफीत पाहून फेरविचार होतो, हे खरे. पण तेथे कॅमेरे ठरलेल्या जागी असतात आणि दोन्ही संघांना सारखेच मिळतात. येथला कॅमेरा एका संघाच्या चुलतभावाच्या हातात असतो, आणि त्याने आपल्या संघाचे बाद होणे चित्रित केलेले नसते. म्हणून तो पडदा पाहू नये. एकदा पाहिलात तर प्रत्येक गुणाला पाहावा लागेल, आणि तुम्ही पंच न राहता मोबाइलचे दुकानदार व्हाल. तक्रार असेल तर ती कर्णधाराने सामन्यानंतर लेखी, स्पर्धाप्रमुखाकडे द्यावी. मात्र हे म्हणण्याचा अधिकार पंचाला तेव्हाच, जेव्हा अशी लेखी तक्रार घेऊन तिच्यावर खरोखर विचार करणारी समिती संयोजकांनी नेमलेली असेल. तक्रारीचे दार बंद केले की माणसे खिडकी फोडतात. वाडिया पार्कवर घडले त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण खेळाडूला आपले म्हणणे मांडण्याची सरळ, त्वरित आणि सर्वांना ठाऊक असलेली वाट असावी, हे त्या दिवसापासून तरी आपण शिकावयास हवे.

येथे संयोजकांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. गेल्या हंगामात एका गावी (नाव सांगत नाही, कारण असे गाव एकच नाही) सामना संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. हरलेल्या संघाची माणसे फाटकाशी उभी. बक्षीस समारंभाला पुढारी, हार, फटाके, सारे होते. आम्हा तिघा पंचांना मोटरसायकलपर्यंत सोडायला मात्र कोणी नव्हते. अखेर हरलेल्या संघाच्याच एका वयस्क मार्गदर्शकांनी, 'पोरं आहेत रे ती, वाट सोडा,' म्हणून आम्हाला बाहेर काढले. त्या गृहस्थांचे उपकार मी विसरणार नाही. पण पंचाची सुरक्षितता एखाद्या सज्जनाच्या उपस्थितीवर अवलंबून असावी काय? लाखाची बक्षिसे लावणाऱ्यांनी पंचांचे मानधन, जेवण, आणि परतीची सोय या तीन गोष्टी पत्रिकेतल्या पाहुण्यांच्या नावांइतक्या काळजीने लिहून ठेवाव्यात.

भगिनींना खास सांगणे आहे. मुलींच्या सामन्यांना पंच म्हणून मुली फार कमी दिसतात. हांगझोलाच भारतीय महिला संघाने चायनीज तैपेईला २६-२५ असे हरवले. अवघ्या एका गुणाने. ते सुवर्णपदक त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे पदक ठरले. त्या एका गुणाच्या मागे कोणा पंचाची सावध नजर होती. ती नजर तुमची का असू नये? 'रात्रीचे सामने, घरचे सोडत नाहीत' ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच वर मागितलेली परतीची सोय ही मेहेरबानी नसून व्यवस्थेचा भाग झाली पाहिजे. आणि मुलींनी फक्त मुलींच्याच सामन्यांना उभे राहावे असेही कोठे लिहिलेले नाही.

आमच्या प्राध्यापकवर्गाला एक नम्र सूचना करून हा लेख आवरता घेतो. मार्च २०२४ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय पुरुष कबड्डी स्पर्धा नगरला झाली. ती पाहायला आपले विद्यार्थी झुंडीने गेले आणि परत आल्यावर प्रत्येकाने चढाईची नक्कल केली. पंचांची नक्कल कोणीही केली नाही. आपल्या जिमखान्यात संघनिवड होते, गणवेश येतात, चषकांचे कपाट भरते. पण पंच कसा तयार होतो याचा एक तासही होत नाही. दरवर्षीच्या आंतरवर्गीय सामन्यांत प्रत्येक वर्गाने संघाबरोबर दोन पंचही द्यावेत, आणि त्यांनी इतर वर्गांचे सामने पाहावेत, असा नियम करता येईल. यासाठी टेप, शिट्ट्या आणि नियमांच्या दहा प्रती एवढाच खर्च. याचा एक लाभ असा, की ज्याने एकदा शिट्टी फुंकली आहे तो खेळाडू पुन्हा पंचाच्या अंगावर धावून जात नाही. दोन डोळ्यांना किती दिसते आणि किती निसटते, हे त्याला स्वानुभवाने कळलेले असते. पंचाविषयीचा आदर भाषणाने वाढत नाही, एकदा त्याच्या जागी उभे राहिल्याने वाढतो.

तेव्हा नव्या पंचमित्रांनो आणि भगिनींनो, परमेश्वर होण्याच्या भरीस पडू नका. रेषा मोजून घ्या, नियम आधी ठरवा, रेषेवरून सरकत राहा, दिसले तेवढेच द्या, न दिसले ते विचारा, आणि एकदा दिलेल्या गुणाची भरपाई करू नका. सामना संपल्यावर दोन्ही कर्णधारांशी हस्तांदोलन करा; एकाने हात मागे घेतला तरी आपला पुढे केलेला असू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या कोणालाही पंच कोण होता हे आठवले नाही आणि सामना मात्र आठवला, तर तुमचे काम उत्तम झाले असे खुशाल समजा.